पुसलेला आकडा, जुळलेला ताळा

पासबुक छपाईच्या यंत्रातून बाहेर येते, तेव्हा शेवटच्या ओळीत खात्यातील शिल्लक उमटलेली असते. ग्राहक त्या आकड्यावरून नजर फिरवतो, पासबुक पिशवीत ठेवतो आणि आपल्या कामाला लागतो. हा आकडा कोठून आला आणि रात्रभर तो कोठे सांभाळला गेला, असा प्रश्न त्याच्या मनात सहसा येत नाही.

एके काळी या प्रश्नाचे उत्तर शाखेत शिरताच दिसत असे. जाड बांधणीची लेजरे टेबलावर उघडी असत, संध्याकाळी ती पोलादी कपाटात कुलूपबंद होत आणि दिवसाचा ताळा जुळल्याखेरीज कर्मचारी घरी जात नसत. १९८४ मध्ये डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा मार्ग आखून दिला. त्यानंतर शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रे आली, पुढे शाखा संगणकीकृत झाल्या आणि कोअर बँकिंगनंतर ग्राहक एका शाखेचा न राहता संपूर्ण बँकेचा झाला. लेजरांची जागा दूरच्या माहिती केंद्रातील सर्व्हरने घेतली. अशा केंद्रांतील अनेक सर्व्हर युनिक्स किंवा तिच्याच कुळातील लिनक्ससारख्या प्रणालींवर चालतात. ग्राहकाची शिल्लक अखेर त्यांना जोडलेल्या डिस्कवर लिहिलेली असते.

आणि प्रत्येक डिस्क केव्हा ना केव्हा बंद पडते. तरीही पासबुकातील आकडा जागचा हलत नाही. हे कसे साधते आणि ते साधण्यासाठी कोणाला किती सावध राहावे लागते, हे समजून घेण्यासारखे आहे.

फिरती तबकडी

आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये आणलेल्या पहिल्या डिस्क-यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्वांत मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज तळहाताएवढ्या डिस्कमध्ये त्याच्या लाखो पट माहिती राहते. मूळ तत्त्व मात्र तेच आहे. चुंबकीय लेप दिलेली तबकडी वेगाने फिरते आणि तिच्यावर तरंगणारे सूक्ष्म वाचनशीर्ष माहिती लिहिते व वाचते.

मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या साडेतीन इंची डिस्कमध्ये तबकडीची बाहेरची कड ताशी सुमारे सव्वाशे किलोमीटर वेगाने धावत असते. तिच्यात आणि वाचनशीर्षात जे अंतर असते, ते मिलिमीटरच्या लाखाव्या भागांत मोजावे लागते. वर्षानुवर्षे, रात्रंदिवस असे फिरणारे यंत्र झिजणारच. अलीकडे अनेक ठिकाणी फ्लॅश स्मृतीच्या डिस्क वापरात आल्या आहेत. त्यांत फिरणारा भाग नसतो. पण त्यांतील पेशीही लिहून लिहून थकतात आणि त्यांची विद्युत मंडलेही बिघडतात. तेव्हा डिस्क बदलली, तरी चिंता मिटत नाही.

बर्कलीतील एक निबंध

१९८० च्या दशकात मोठ्या संगणकांसाठी मोठ्या आणि अतिशय महाग डिस्क वापरल्या जात. त्याच सुमारास घरगुती संगणकांसाठी लहान, स्वस्त डिस्क तयार होऊ लागल्या होत्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये एक निबंध सादर केला. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून त्यांच्याकडून एकाच वेळी काम करून घ्यावे, अशी त्यांची सूचना होती. या रचनेला त्यांनी दिलेले ‘रेड’ हे नाव आज जगभर रूढ आहे.

सूचना आकर्षक होती. परंतु तिच्यातील धोका लेखकांनी स्वतःच मांडून दाखवला. एक लहान डिस्क सरासरी ३०,००० तास, म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ चालते, असे धरले, तर अशा १०० डिस्कच्या समूहात सरासरी ३०० तासांनी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, कोणती ना कोणती डिस्क बंद पडणार. एक हजार डिस्क असतील, तर हा अवधी ३० तासांवर येतो. घर मोठे झाले की घरातील आजारपणही वाढते, तसाच हा हिशेब आहे. म्हणूनच डिस्क बंद पडणे हा अपघात न मानता नित्याचा प्रसंग मानावा आणि रचनाच अशी करावी की एक डिस्क गेली, तरी माहिती शाबूत राहील, हा त्या निबंधाचा गाभा होता.

पुढे डिस्कची गुणवत्ता वाढली आणि उत्पादकांची माहितीपत्रके दहा लाख तासांची ग्वाही देऊ लागली. या हिशेबाने वर्षाला शंभरांतील एकही डिस्क पुरती बदलावी लागू नये. त्याच गार्थ गिब्सन यांनी बियांका श्रोडर यांच्यासह प्रत्यक्ष वापरातील सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात बदलाव्या लागणाऱ्या डिस्कचे वार्षिक प्रमाण सर्रास २ ते ४ टक्के आणि काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत आढळले. माहितीपत्रकातील आकडा आणि कपाटातील वास्तव यांत एवढे अंतर होते.

ताळ्याचे गणित

माहिती सुरक्षित ठेवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे प्रत्येक नोंद दोन डिस्कवर करणे. यास प्रतिबिंब पद्धत म्हणतात. ती भरवशाची आहे. मात्र तिच्यात निम्मी जागा खर्ची पडते. दुसरा उपाय अधिक काटकसरीचा आहे आणि तो बँकेतील कोणाही जुन्या कर्मचाऱ्याला सहज उमगेल.

समजा, तीन लेजरांच्या एकाच ओळीत अनुक्रमे ४,२५०, १,८०० आणि ३,४७५ असे आकडे आहेत आणि त्यांची बेरीज ९,५२५ ही चौथ्या वहीत लिहून ठेवली आहे. दुसऱ्या लेजरावर पाणी सांडले आणि त्यातील आकडा पुसला गेला. तरी काही अडत नाही. ९,५२५ मधून उरलेले दोन आकडे वजा केले, की १,८०० ही रक्कम पुन्हा हाती येते. चौथ्या वहीत कोणत्याही लेजराची नक्कल नाही. तरीही ती तिघांपैकी कोणत्याही एकाला पुन्हा उभे करू शकते.

संगणक हेच काम एक आणि शून्य या दोन अंकांवर करतो. तो बेरीज लिहीत नाही, तर त्या ओळीतील ‘एक’ या अंकांची संख्या सम होईल असा अंक ताळ्याच्या डिस्कवर लिहितो. तीन डिस्कवर एक, शून्य, शून्य असेल, तर ताळ्याचा अंक एक. आता मधली डिस्क गेली, तर उरलेल्या डिस्कवर ताळा धरून दोन ‘एक’ दिसतात. संख्या आधीच सम आहे; म्हणजे हरवलेला अंक शून्यच असला पाहिजे. या ताळ्याला तांत्रिक भाषेत पॅरिटी म्हणतात. ‘रेड’च्या पाचव्या प्रकारात ताळ्याचे अंक एकाच डिस्कवर न ठेवता सर्व डिस्कवर वाटून दिलेले असतात, म्हणजे सगळा भार एकीवर पडत नाही. पाच डिस्कच्या समूहात चार डिस्कइतकी जागा माहितीसाठी मिळते आणि पाचापैकी कोणतीही एक गेली, तरी काम चालू राहते.

दोन लेजरे एकाच वेळी भिजली तर? एका बेरजेवरून दोन अज्ञात आकडे काढता येत नाहीत, हे शाळेतील बीजगणित आहे. त्यासाठी दुसरे समीकरण हवे. पहिला आकडा एकदा, दुसरा दोनदा आणि तिसरा तीनदा घेऊन वेगळी बेरीज लिहून ठेवली, तर दोन समीकरणांवरून दोन्ही आकडे मिळतात. ‘रेड’च्या सहाव्या प्रकारातील दुसरा ताळा याच जातीचा आहे. त्यासाठी आणखी एका डिस्कइतकी जागा द्यावी लागते. पण दोन डिस्क गेल्या, तरी माहिती वाचते.

डिस्क जाते तेव्हा

लिनक्स प्रणालीत असे डिस्कसमूह उभारण्यासाठी आणि सांभाळण्यासाठी ‘एमडीएडीएम’ नावाची आज्ञावली वापरतात. ती नील ब्राउन यांनी २००१ मध्ये लिहिण्यास प्रारंभ केला. समूहाची प्रकृती एका छोट्या ओळीत पाहता येते. चार डिस्क ठीक असतील, तर कंसात इंग्रजी ‘यू’ हे अक्षर चार वेळा दिसते. एक डिस्क गेली, की त्यांपैकी एका अक्षराच्या जागी आडवी रेघ येते.

त्या रेघेचा अर्थ फार मोठा असतो. सर्व्हर चालूच असतो, शाखांतील व्यवहार थांबत नाहीत, ग्राहकाला कसलाही फरक जाणवत नाही. हरवलेल्या डिस्कवरील प्रत्येक नोंद आता ताळ्यावरून काढून दिली जात असते. पण एकच ताळा असलेल्या समूहात या क्षणापासून दुसरी डिस्क जाण्याला माफी नसते. सर्व काही सुरळीत दिसत असल्यामुळे ही रेघ कोणाच्याच लक्षात न येणे, हा या काळातील पहिला धोका होय. म्हणून समूहावर सतत पहारा ठेवणारी आणि बिघाड होताच जबाबदार व्यक्तीला तत्काळ निरोप धाडणारी व्यवस्था चालू ठेवावी लागते. तो निरोप खरोखर पोहोचतो, याचीही अधूनमधून चाचणी घ्यावी लागते.

बिघाडाची चाहूल आधी लागावी, यासाठी डिस्क स्वतःच आपल्या प्रकृतीच्या काही नोंदी ठेवते. या सोयीला ‘स्मार्ट’ म्हणतात. खराब झालेल्या जागा किती, वाचनात चुका किती, हे त्यातून कळते. गूगल कंपनीच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, तशी चूक नसलेल्या डिस्कपेक्षा ३९ पटींनी अधिक असल्याचे त्यांना दिसले. दुसरीकडे, बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी ‘स्मार्ट’च्या चार प्रमुख निकषांपैकी एकातही आधी काही सूचना दिली नव्हती. इशारा मिळाला तर तो मानावा. पण इशारा नाही म्हणून निर्धास्त राहू नये, असा त्याचा अर्थ.

पुनर्बांधणीचे तास

डिस्क बदलल्यावर तिच्यावरील सर्व माहिती ताळ्यावरून पुन्हा लिहिली जाते. अनेक ठिकाणी एक राखीव डिस्क समूहात आधीच जोडून ठेवलेली असते आणि बिघाड होताच हे काम माणसाची वाट न पाहता सुरू होते. या पुनर्बांधणीला लागणारा वेळ डिस्कच्या आकाराबरोबर वाढत गेला आहे. १८ गिगाबाइटची डिस्क सेकंदाला २५ मेगाबाइट या वेगाने भरली, तर बारा मिनिटे लागतात. १२ टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट वेगाने भरायची, तर पावणेसतरा तास लागतात आणि तेही सर्व्हरला दुसरे काही काम नसेल तर. व्यवहार चालू असतील, तर हा काळ आणखी लांबतो.

या तासांत उरलेल्या प्रत्येक डिस्कचा कानाकोपरा वाचावा लागतो. त्यांपैकी एखाद्या डिस्कवरची, वर्षभरात कोणी उघडलीच नसेल अशी एखादी जागा नेमकी आता वाचता आली नाही, तर तेवढी माहिती कायमची जाते. जुन्या लेजराचे कधीच न उघडलेले पान गरजेच्या दिवशी वाळवीने खाल्लेले निघावे, तसे हे आहे. यावर उपाय एकच. पाने अधूनमधून उलटत राहावीत. डेबियन या लिनक्सच्या प्रसिद्ध आवृत्तीत डिस्कसमूहांची अशी संपूर्ण तपासणी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप सुरू करण्याची सोय केलेली असे ती याचसाठी. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने २००५ मध्ये खुल्या केलेल्या ‘झेडएफएस’ या रचनेने आणखी एक पाऊल टाकले. तिच्यात प्रत्येक नोंदीबरोबर पडताळणीचा अंक ठेवला जातो. त्यामुळे डिस्कने मुकाट्याने चुकीची माहिती परत दिली, तरी ती चोरी पकडली जाते आणि योग्य प्रत शोधून दुरुस्ती होते.

एका बाबतीत मात्र गणित हतबल ठरते. ताळ्याचा सारा भरवसा डिस्क एकेकट्या बंद पडतील, यावर आधारलेला आहे. एकाच खेपेतील, एकाच दिवशी जोडलेल्या डिस्क एकाच सुमारास थकू शकतात. १० सप्टेंबर २०१६ रोजी रुमानियाची राजधानी बुखारेस्ट येथे एका बहुराष्ट्रीय बँकेच्या माहिती केंद्रात अग्निशमन यंत्रणेची चाचणी चालू होती. आग विझवण्यासाठीचा निष्क्रिय वायू नळ्यांतून सुटताना इतका प्रचंड आवाज झाला की त्याच्या कंपनांनी डझनावारी डिस्क एकदम निकामी झाल्या. एटीएम आणि इंटरनेट बँकिंग यांसह त्या बँकेच्या अनेक सेवा सुमारे दहा तास बंद राहिल्या. आग लागलीच नव्हती. एका खोलीतील सर्व डिस्कचे दैव एकच असते, हे त्या दिवशी दिसून आले. माहितीची दुसरी प्रत वेगळ्या शहरात, भूकंपाच्या दृष्टीने वेगळ्या क्षेत्रात ठेवण्याचा बँकांचा आग्रह कशासाठी असतो, हे यावरून ध्यानात यावे.

माणसाचा हात

बंद पडलेली डिस्क काढून तिच्या जागी नवी घालणे, हे ऐकायला अगदी सोपे काम आहे. बर्कलीतच आरन ब्राउन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी या सोप्या कामाची परीक्षा घेतली. विंडोज, सोलारिस आणि लिनक्स या तीन प्रणालींवरील डिस्कसमूहात मुद्दाम बिघाड घडवून तो दुरुस्त करण्याचे काम त्यांनी काही जणांना पुन्हा पुन्हा करायला दिले. काम आधी शिकवले होते, घाई नव्हती, कोणाची शिल्लक पणाला लागलेली नव्हती. तरीही चुका झाल्या आणि काही वेळा माहिती गमावली गेली. २००१ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांनी डिस्कच्या मरणावर उपाय शोधला, त्यांच्यापैकीच एकाने माणसाच्या चुकीकडे असे लक्ष वेधावे, हे महत्त्वाचे आहे.

सर्वांत घातक चूक म्हणजे चुकीची डिस्क ओढून काढणे. कपाटात सारख्या दिसणाऱ्या डिस्कची रांग असते. प्रणाली एखाद्या डिस्कला जे नाव देते, ते संगणक पुन्हा सुरू झाल्यावर बदलू शकते. म्हणून अनुभवी प्रशासक नावावर विसंबत नाही. तो बिघडलेल्या डिस्कचा अनुक्रमांक प्रणालीकडून विचारून घेतो, कागदावर उतरवतो आणि डिस्कवर छापलेल्या क्रमांकाशी अंकन्‌अंक ताडून पाहतो. डिस्कचा दिवा लुकलुकवून खात्री करण्याची सोय असेल, तर तीही वापरतो. आधी आज्ञा देऊन ती डिस्क समूहातून रीतसर मोकळी करतो, मग हात लावतो. रोखपाल नोटा देण्यापूर्वी त्या दुसऱ्यांदा मोजतो, तीच ही सवय.

दुसरी चूक घाबरण्यातून घडते. समूह उघडत नाही असे दिसताच, तो नव्याने निर्माण करण्याची आज्ञा कोणी देऊन बसतो. डिस्कचा क्रम किंवा मांडणी थोडी जरी वेगळी पडली, तर नवा ताळा जुन्या माहितीवर लिहिला जातो आणि जे कदाचित वाचले असते, तेही बुडते. अशा वेळी काहीही लिहिण्यापूर्वी थांबणे, प्रत्येक डिस्कवरील खुणा वाचून टिपून ठेवणे आणि शक्य तर डिस्कच्या प्रती काढून त्यांवरच प्रयोग करणे, हाच शहाणपणाचा मार्ग असतो.

ताळा म्हणजे नक्कल नव्हे

डिस्कसमूहाविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज शेवटी सांगावयास हवा. ताळा बंद पडलेल्या डिस्कपासून वाचवतो. चुकीच्या आज्ञेपासून नाही. लेजरातील नोंद कोणी खोडली, की चौथ्या वहीतील बेरीजही त्याप्रमाणे बदलते. पुसण्याची आज्ञा समूह तितक्याच निष्ठेने सर्व डिस्कवर पाळतो.

१९९८ मध्ये अमेरिकेतील पिक्सार या चित्रसंस्थेत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालू असताना कोणीतरी युनिक्सची दोन अक्षरी पुसण्याची आज्ञा चुकीच्या जागी दिली. काम करणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत एकेक पात्र नाहीसे होऊ लागले आणि चित्रपटाचा फार मोठा भाग पुसला गेला. बॅकअप घेतला जात होता. पण तो नीट होत नव्हता, हे तो परत आणायची वेळ आली तेव्हा कळले. पर्यवेक्षक तांत्रिक दिग्दर्शिका गॅलिन सुसमन बाळंतपणानंतर घरून काम करीत होत्या आणि त्यासाठी त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत ठेवली होती. तो संगणक ब्लँकेटांत गुंडाळून मोटारीतून जपून आणला गेला आणि त्यावरून बरेचसे काम परत मिळाले. चित्रपट १९९९ मध्ये पडद्यावर आला.

या प्रसंगातून मिळणारा धडा कोणत्याही बँकेला आणि कोणत्याही घराला लागू पडतो. बॅकअप समूहापासून वेगळा असावा, त्याची एक प्रत दुसऱ्या जागी असावी आणि तो परत आणून पाहिलेला असावा. परत आणून न पाहिलेला बॅकअप म्हणजे न वटवून पाहिलेला धनादेश. ज्या ग्राहकाच्या घरातील सर्व छायाचित्रे, विम्याची आणि घराची कागदपत्रे एकाच डिस्कवर आहेत, त्यानेही आजच तिची दुसरी प्रत काढून ती वेगळ्या जागी ठेवावी.

माहिती केंद्रात आजही एखाद्या रात्री ती आडवी रेघ उमटते. कोणीतरी निरोप वाचतो, अनुक्रमांक टिपतो, तो दोनदा ताडून पाहतो आणि नवी डिस्क घालून पुनर्बांधणीचा वाढता टक्का पाहत बसतो. काही तासांनी रेघेच्या जागी पुन्हा अक्षर येते. सकाळी शाखेत पासबुक छापून निघते, तेव्हा शेवटच्या ओळीत कालचाच आकडा असतो.